दोन काफ



काफ आणि क़ाफ यांतील फरक तुम्हांला पहिलीपासून ठाऊक आहे. पण संगणकाला आणखी एक फरक ठाऊक असतो. तो आपल्या डोळ्यांना दिसेलच असे नाही. माझ्या नववीच्या वर्गातील एका मुलीमुळे तो मला नीट समजला.

तिचे आजोबा कोकणातले. ते जहाजावर नोकरीला होते. ठिकठिकाणच्या बंदरांतून त्यांनी आजीला उर्दूत पत्रे लिहिली. आजीच्या मृत्यूनंतर ती पत्रे पत्र्याच्या एका डब्यात सापडली. घडीवर कागद फाटले होते, शाई फिकी झाली होती. मुलगी म्हणाली, "सर, मी ही पत्रे वेबपानावर ठेवणार. अब्बा कुवेतला आहेत. त्यांनाही वाचता येतील."

मी म्हणालो, "अगोदर अब्बांना विचार." त्यांनी होकार दिला. एक पत्र मात्र तिने वगळले. ते फक्त आजीसाठी होते, असे ती म्हणाली. मी ते वाचायला मागितले नाही.

वेबपान म्हणजे साधा मजकूर आणि त्यात घातलेल्या खुणा. येथे मथळा आहे, येथे परिच्छेद सुरू होतो, असे त्या खुणा संगणकाला सांगतात. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. १९९३ साली सर्नने ती सर्वांना विनामूल्य खुली केली. उर्दूसाठी एक खूण जास्त लागते: मजकूर उजवीकडून सुरू करा. आमची मुलगी नेमकी तीच विसरली! सगळ्या ओळी डावीकडे जाऊन चिकटल्या आणि शेवटचे उद्गारचिन्ह वाक्याच्या आरंभी जाऊन बसले. वर्ग खूप हसला. तीही हसली.

पत्रांची नुसती छायाचित्रे लावली असती, तर काम एका दिवसात झाले असते. उर्दू वर्तमानपत्रे अनेक वर्षे इंटरनेटवर आपली पाने चित्रांच्या रूपातच ठेवत. पण अशा चित्रातला शब्द साध्या शोधाने सापडत नाही. म्हणून तिने छायाचित्रे लावलीच, शिवाय सगळी पत्रे टाईपही केली. रोज संध्याकाळी एक पत्र.

पान तयार झाले. दुसऱ्या दिवशी कुवेतहून फोन आला. अब्बांचा आवाज उदास होता. "कामावरच्या संगणकावर पान उघडले. वेळ थोडा होता, म्हणून फक्त 'कोकण' शब्द शोधला. एकदाही सापडला नाही. अब्बाजान आपले गाव विसरले होते का?"

मुलगी गोंधळली. तिने तर तो शब्द स्वतः कितीदा टाईप केला होता!

आम्ही शोधू लागलो. संगणक अक्षरे ओळखतो ती क्रमांकांवरून. जगातील लिप्यांतील अक्षरांना युनिकोडने असे क्रमांक दिले आहेत. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. मराठी 'क'चा क्रमांक २३२५, उर्दू काफचा १७०५ आणि अरबी काफचा १६०३. अरबी काफ एकटा लिहिला, की त्याच्या पोटात एक छोटी खूण दिसते. शब्दाच्या सुरुवातीला मात्र दोन्ही काफ सारखेच दिसतात. आता 'कोकण' उर्दूत लिहून पाहा: काफ, वाव, काफ, नून. वाव पुढच्या अक्षराला जोडला जात नाही. त्यामुळे दोन्ही काफ सुरुवातीच्याच रूपात येतात. कुवेतमधल्या संगणकाचा कळफलक अरबी होता. अब्बांनी १६०३ शोधला, पानावर होता १७०५!

तो कळफलक बदलणे अब्बांच्या हातात नव्हते. मुलीने त्यांना सांगितले, "पानावरचाच 'कोकण' शब्द उचला आणि शोधाच्या चौकटीत टाका."

अकरा ठिकाणी सापडला. अब्बा फोनवर एकेक ओळ वाचत गेले. सातव्या ठिकाणी आजोबांनी विचारले होते, "कोकणात पाऊस सुरू झाला का? बाळाचे नाव काय ठेवले?"

ते बाळ म्हणजे अब्बाच. फोन चालू होता, पण बराच वेळ दोन्हीकडून कोणी बोलले नाही.