शंटिंगचे इंजिन आणि आठ वाघिणी



पेडणे स्टेशनवर गाडी येते, माणसे चढतात-उतरतात आणि गाडी निघून जाते. आपल्याला दिसते ती तयार गाडी. ती तयार कोण करते? कोणता डबा पुढे, कोणता मागे, कोणती मालाची वाघीण कुठे सोडायची, हे जुळवण्यासाठी मोठ्या यार्डात एक इंजिन दिवसभर पुढे-मागे करीत असते. या कामाला शंटिंग म्हणतात.

(आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे 'मालडिब्बा' शिकलो होतो. मालाच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात हे प्रथम ऐकले तेव्हा आम्हांला जंगलातलीच वाघीण दिसली. असो.)

आपल्या देशातील प्रसिद्ध शंटिंग इंजिन म्हणजे वाराणसीच्या कारखान्यात बनलेले डब्ल्यू.डी.एस.-६. नावातच माहिती आहे: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एस म्हणजे शंटिंग. त्याची शक्ती सुमारे १३५० अश्वशक्ती. लांब पल्ल्याच्या डब्ल्यू.डी.एम.-२ ची २६००. म्हणजे जवळजवळ निम्मी. परंतु यार्डात वेग नको असतो. जड वाघिणी हळूहळू हलवायच्या आणि धक्का न देता जोडायच्या, एवढेच काम. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झाले, तरी शंटिंगच्या कामात डिझेल इंजिनाचा उपयोग आहेच.

अशा इंजिनांच्या लहान प्रतिकृती जमवणे आणि चालवणे हा जगभर चालणारा छंद आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. कोकण रेल्वेवर पूर्ण मार्गाने गाड्या धावू लागल्या तेही त्याच वर्षी. सहलीला पुण्यास जाल तेव्हा ते अवश्य पाहा. तेथील गाड्या एच.ओ. मापाच्या आहेत. या मापात खऱ्या वस्तूचे ८७ मिमी म्हणजे प्रतिकृतीतील १ मिमी.

आता थोडे गणित. एच.ओ. रुळांतील अंतर १६.५ मिमी असते. त्याला ८७ ने गुणा: १४३५.५. हे झाले युरोप-अमेरिकेतील रुळांचे माप. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणून आपल्यासाठी अंतर सुमारे १९.३ मिमी हवे. तेव्हा भारतीय इंजिनाची प्रतिकृती बाजारी रुळांवर ठेवली की तिची चाके थोडी आत ओढलेली असतात. वेगाचेही तसेच. यार्डात इंजिन ताशी १५ किमीने चालले, तर प्रतिकृतीने सेकंदाला ४.८ सेंमी चालावे. आपल्या विज्ञान कक्षातील फळी १२० सेंमीची आहे. ती पार करण्यास २५ सेकंद लागले पाहिजेत. मुले दोन सेकंदांत पार करतात आणि टाळ्या वाजवतात! आमच्या मते खरे कसब त्या २५ सेकंदांत आहे.

हे इंजिन शाळेला जहाजावर नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने दिले. सहा चाकांचे, पिवळे. विज्ञान प्रदर्शनात पालकांसमोर ते सांध्यावर अडकले. बोटाने ढकलले, पुन्हा अडकले. ते चालवणाऱ्या मुलाला आम्ही चार लोकांदेखत बोललो आणि इंजिन कपाटात बंद केले. ते वर्षभर तिथेच राहिले.

पुढल्या वर्षी आठवीतील एका मुलीने ते मागून घेतले व उलटे करून पाहिले. चाकांवर काळा चिकट थर होता. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आम्हीच शिलाई मशीनचे तेल सढळ हाताने घातले होते. या इंजिनाला वीज रुळांतून चाकांवाटे मिळते. चाक तेलकट झाले की त्यावर धूळ बसते आणि वीज पोहोचत नाही. त्यातच सांध्यामध्ये जिथे रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा प्लॅस्टिकचा. लांब इंजिनाची बरीच चाके त्याच्या पुढे-मागे धातूवर राहतात. आखूड शंटरला तेवढा आधार नसतो. हळू चालताना तर ते तिथेच थांबते. तिने आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने चाके व रूळ पुसले. इंजिन चालले. दोष मुलाचा नव्हता, आमचा होता. त्याला आम्ही तसे सांगितले. बोललो होतो चारचौघांत, म्हणून येथेही लिहीत आहोत.

आता फळीवर आम्ही एक कोडे मांडले आहे. ते ॲलन राइट या इंग्रज छांदिष्टाचे असून त्याचे नाव 'इंगलनूक सायडिंग्ज'. तीन रूळ: एकावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. तिन्ही रूळ ज्या एका रुळाला मिळतात, तिथे इंजिन आणि फक्त तीन वाघिणी मावतात. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या काढून पाच ठरवायच्या आणि निघालेल्या क्रमानेच लांब रुळावर जोडायच्या. क्रम किती होतील? ८×७×६×५×४, म्हणजे ६७२०. सगळी गंमत त्या तीन वाघिणींच्या मर्यादेत आहे. जागा भरपूर असती तर कोडे उरलेच नसते. एक वाघीण बाहेर काढायला कधी कधी जुळवलेलेच मोडावे लागते, आणि तिथे मोठी माणसे अडतात. पहिल्या दिवशी आम्हांला ४१ खेपा लागल्या, त्या मुलीला १९.

घरी इंजिन नसले तरी हे जमते. जमिनीवर खडूने रूळ आखा, काड्यापेटीच्या रिकाम्या पेट्यांना १ ते ८ क्रमांक द्या, इंजिनासाठी खोडरबर घ्या. पेटी उचलायची नाही, इंजिनाने फक्त ओढायची किंवा ढकलायची. प्रत्येक खेप वहीत लिहा.

शाळेतील इंजिन विज्ञान कक्षाच्या डावीकडील कपाटात आहे. किल्ली विज्ञानाच्या बाईंकडे मिळेल. तेलाची बाटली आम्ही कार्यालयात आणून ठेवली आहे.