औषधाची अ‍ॅलर्जी रक्तात किती दिसते?

निर्मळ-सोपाऱ्याच्या पट्ट्यात भातलावणी आणि तुंबलेले पाणी एकाच वेळी येते, आणि मागोमाग लेप्टोची शंका. गंभीर लेप्टोवर पेनिसिलिन हे जुने, खात्रीचे औषध. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये ते १९५५पासून बनू लागले. पण सलाइन लावतानाच घरचे सांगतात, ‘याला पेनिसिलिन चालत नाही, लहानपणी अंगावर उठलं होतं.’ मग प्रश्न येतो : रक्त तपासून खात्री करता येत नाही का?

थोडीफार येते.

पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन अशा मोजक्या औषधांविरुद्ध शरीराने बनवलेली आयजीई प्रतिपिंडे रक्तात मोजता येतात. पूर्वीची हकीकत जुळत असेल तर पॉझिटिव्ह रिपोर्ट मानावा. निगेटिव्ह रिपोर्टवर मात्र विसंबू नये. खरी अ‍ॅलर्जी असलेल्या अनेकांचाही तो निगेटिव्हच येतो. शिवाय वर्षे उलटतात तशी ही प्रतिपिंडे घटतात. पेनिसिलिनची खरी अ‍ॅलर्जी असलेल्या सुमारे ८० टक्के लोकांची ती १० वर्षांत ओसरते. अमेरिकेत तर ‘मला पेनिसिलिन चालत नाही’ म्हणणाऱ्या १० पैकी ९ जणांना तपासणीअंती ते चालते, असे आढळले आहे. लहानपणीचे ते पुरळ अनेकदा गोवरासारख्या विषाणूचेच असते.

लॅबवाले ‘ड्रग अ‍ॅलर्जी पॅनेल’ विकतात, त्यात वेदनाशामकेही असतात. हे पैसे वाचवावेत. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिनने डोळे सुजतात किंवा दम लागतो, तो बहुधा आयजीईमुळे नव्हे, या गोळ्या शरीरातले एक एन्झाइम अडवतात म्हणून. मग रक्तात मोजणार काय? उलट, कधीच त्रास न झालेल्या माणसाच्या फाइलवर उगाच चार औषधांची बंदी चढते.

एक तपासणी मात्र खरोखर कामाची, आणि नेमकी तीच राहून जाते : ट्रिप्टेज. इंजेक्शननंतर गांधी उठल्या, बीपी पडले, श्वास अडकला, तर आधी मांडीत अ‍ॅड्रिनॅलिन. रक्तासाठी ते थांबवायचे नाही. पेशंट सावरू लागला की शक्यतो पहिल्या दोन तासांत, फार तर चार तासांत, नमुना घ्यावा आणि दुसरा २४ तास उलटल्यावर. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा पुरेसा चढा असेल तर ते अ‍ॅनाफिलॅक्सिस होते, नुसती भोवळ नव्हे, याला बळकटी मिळते. कोणत्या औषधाने, हे तो सांगत नाही.

फिट्सच्या किंवा चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यासाठी कार्बामाझेपिन सुरू होणार असेल, तर गोळीच्या आधी एचएलए-बी १५:०२ या जनुकाबद्दल डॉक्टरांना विचारावे. हा जनुक आणि कातडी सोलून काढणारी स्टीव्हन्स-जॉन्सन रिअ‍ॅक्शन यांचा संबंध २००४ साली तैवानमध्ये दिसला. भारतीय पेशंटांतही तो आढळला आहे.

बाकी निदान हकीकतीवर, त्वचाचाचणीवर आणि गरज पडल्यास हॉस्पिटलात देखरेखीखाली दिलेल्या अल्प डोसावर होते. म्हणून रिअ‍ॅक्शन आलेल्या गोळीची स्ट्रिप फेकू नये. गोळी किती वाजता घेतली, त्रास किती वेळाने सुरू झाला, हे लिहावे आणि पुरळाचा फोटो काढावा. अशा रिअ‍ॅक्शनची नोंद सरकारच्या औषध-सतर्कता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर पेशंटलाही करता येते. श्वास अडकत असेल तर मात्र आधी १०८.