जंक्शनवरची पेशी

मनमाडकराला जंक्शन म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. गाडी मुंबईला वळणार की दौंडला, हे सांधा ठरवतो. इंजिनात काय जळते, याच्याशी वाटेचा संबंध नसतो. पेशींच्या बाबतीत मात्र तो असतो, हे मला एका घरगुती अडचणीमुळे कळले.

माझ्या मामेभावाचे पाय अपघातात लुळे पडले. ‘मूलपेशी टोचू, मज्जातंतू नवे होतील,’ अशा एका दवाखान्याच्या पत्रकावर विसंबून मामा कांद्याचे शेत गहाण टाकायला निघाले. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरी पुस्तके उघडली.

मूलपेशी म्हणजे अजून वाट न ठरलेली पेशी. अस्थिमज्जेतील अशा पेशीपासून तांबड्या व पांढऱ्या रक्तपेशी आणि प्लेटलेट तयार होतात. यालाच विभेदन म्हणतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातही या पेशींवर संशोधन झाले आहे. मज्जेत प्राणवायू कमी असतो. तेथे विसावलेली मूलपेशी मुख्यत्वे प्राणवायूविना ग्लुकोज फोडते. एका रेणूमागे एटीपी या ऊर्जारेणूचे अवघे २ रेणू हाती लागतात. विभेदनाला लागली की ती तंतुकणिकांची भट्टी पेटवते. मग त्याच ग्लुकोजपासून सुमारे ३० मिळतात.

पण प्रश्न केवळ ऊर्जेचा नाही. चयापचयात असेटिल को-एन्झाइम ए हा पदार्थ तयार होतो. त्यातील असेटिल गट, डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांना चिकटतात. गुंडाळी सैल होते आणि तेथील जनुके वाचली जाऊ शकतात. म्हणजे इंधनच सांध्याला हात घालते! ‘जसे अन्न तसे मन’ ही म्हण पेशीलाही लागू पडावी, याचे मला नवल वाटले.

यावरून एक गोष्ट उमगली. टोचलेली पेशी नव्या जागी पडते. तेथले इंधन व प्राणवायू वेगळे. ती जगेल का, आणि कोणती वाट धरील, हे केवळ सुईने ठरत नाही. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्तविकारांसारख्या मान्य आजारांतील मज्जारोपण सोडून इतर मूलपेशी-उपचार केवळ रीतसर चाचण्यांपुरतेच ठेवले आहेत.

हे सारे मी मामांना स्टेशनच्या बाकावर बसून, रुळांकडे बोट दाखवत सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. शेत आज त्यांच्याकडेच आहे. भावाचे पाय मात्र तसेच आहेत. आणि या विषयाचा अभ्यास का व्हावा, याचे माझ्यापुरते उत्तर तेच आहे.