पट कमी, म्हणजे लक्ष जास्त?



"वीसच तर पोरं आहेत सर तुमच्याकडं, त्यात काय अवघड?" हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलंय. शिक्षण हक्क कायद्यात 60 पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक. म्हणजे वीस मुलं आणि एका शिक्षकाकडं दोन-तीन इयत्ता. त्यात आपल्या मानवत भागातली काही घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मागं आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेलं मूल शिकत राहतं, पण जे फडावर जातं ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतं. वयानुसार ते चौथीत असतं, वजाबाकी मात्र दुसरीतच अडकलेली.

आता हे बघा. दोन मुलांनी 52 − 27 = 35 असं लिहिलं. दोघांच्याही वहीत लाल फुली. पण "कसं केलंस, सांग बरं" असं विचारा. पहिला म्हणतो, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले. दुसरा म्हणतो, बारातून सात गेले, पाच उरले. आणि पुढं पाचातून दोन गेले, तीन. त्यानं दशक सुटा केला, फक्त पाचाचे चार करायचे राहिले.

उत्तर एकच, अडचण वेगळी! दुसऱ्याला पाचावर काट मारून वर चार लिहायची सवय लावली की पाच-सहा उदाहरणांत काम होतं. पहिल्याला मात्र वहीतून उठवावं लागतं. आपल्याकडं पऱ्हाटीला तोटा नाही. काड्या एकसारख्या तोडून दहा-दहाच्या जुड्या बांधा. पाच जुड्या, दोन सुट्या. यातून सत्तावीस दे म्हटलं की एक जुडी सोडावीच लागते, आणि ती सोडली की चारच उरल्या हे हाताला कळतं. याला आठवडा लागू द्या. पाढे पाठ करून घेण्यानं हे सुटत नाही.

याच कायद्याच्या 24 व्या कलमात प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य सांगितलंय. साठ मुलांत ते जमणं कठीणच. वीस मुलांत रोज दोघांजवळ सात-आठ मिनिटं बसलं, तर दहा शाळादिवसांत सगळी मुलं होतात. तेवढ्या वेळात बाकीचे गटात वाचत बसतात (गोंगाट होतो, होऊ द्या). गट इयत्तेचा नको, पातळीचा करा.

प्रत्येकाच्या नावानं वहीचं एक पान ठेवा. गुण नकोत. तारीख आणि एक ओळ: 'दशक सुटा करतो, कमी करायला विसरतो.'

पालकहो, घरी "किती मार्क पडले?" च्या आधी "हे कसं काढलंस?" एवढं विचारा. तुम्हाला लिहिता-वाचता येत नसलं तरी चालतं, लेकरू सांगेल. आणि कामाला गाव सोडायच्या आधी बाईंना, सरांना भेटून जा. त्या पानावरची ओळ लिहून घ्या. तिकडं शाळा मिळाली तर तिथल्या शिक्षकांना दाखवा, नाहीतर परत आल्यावर आम्ही तिथूनच पुढं सुरू करतो.