होलसेलिंग करताय? तासही मोजा

ह्यूस्टनच्या मराठी मंडळींत हल्ली कुणी ना कुणी विचारतंच, ‘भांडवल नसताना घरांचं होलसेलिंग जमेल का?’ नोकरी सांभाळून मी ते केलंय, म्हणून सांगतो: पैसे कमी लागतात, पण वेळ भरपूर लागतो.

पडझड झालेल्या घराच्या मालकाशी कमी भावात खरेदीचा करार करायचा आणि तो करार रोखीने घेणाऱ्या गुंतवणूकदाराच्या नावे करून मधली रक्कम घ्यायची, एवढाच हा धंदा. दुरुस्तीनंतर घर २,००,००० डॉलरला विकलं जाणार असेल, तर गुंतवणूकदार त्याचे साधारण ७० टक्के धरतो, म्हणजे १,४०,०००. त्यातून दुरुस्तीचे ४०,००० आणि आपले १०,००० गेले की मालकाला देता येतात ९०,०००. हा आकडा ऐकूनही बोलणं चालू ठेवणारा मालक सापडेपर्यंतच खरा वेळ जातो. काउंटीच्या थकीत मालमत्ता कराच्या याद्या चाळा, पत्रं पाठवा, ‘डू नॉट कॉल’ यादीतले नंबर वगळून फोन करा. माझ्या संध्याकाळी यातच जायच्या आणि मालकांचे फोन नेमके ऑफिसच्या मीटिंगमध्ये यायचे. त्यात घर वडिलोपार्जित असलं की चार भावंडांचं एकमत होईपर्यंत महिने जातात.

सही झाली की मुदत लागते. तेवढ्यात गिऱ्हाईक मिळालं नाही, तर भरलेला इसारही जाऊ शकतो. माझा एक जमत आलेला व्यवहार टायटल कंपनीच्या तपासणीत जुना बोजा निघाल्याने मोडला. त्या सगळ्या खटपटीचे पैसे कोण देणार?

म्हणून आधी गुंतवणूकदार गाठा, ते कुठल्या भागात काय भावाने घेतात ते विचारा, मग घरं शोधा. पहिले सहा महिने हाती काही येणार नाही, असं धरून चला. टेक्सासमध्ये आपण घर नव्हे, करारातला हक्क विकतोय हे गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. इलिनॉयमध्ये वर्षात एकाहून जास्त व्यवहारांना परवाना लागतो. एच-वन बी व्हिसावर असाल, तर आधी वकिलाला विचारा. हा उद्योग त्या व्हिसात बसत नाही.

वर्षअखेर मिळकतीतून टपाल, पेट्रोल आणि कर वजा करा. उरलेल्या रकमेला मोडलेल्या व्यवहारांसकट सगळ्या तासांनी भागा. तो दर पगाराच्या दरापेक्षा कमी निघाला, तर धंदा चाललाय असं म्हणू नका.