कमल पाठविले, मल पोहोचला

संदेशवहनाचा धडा पुस्तकात अगदी सरळ दिसतो. मी कलाशाखेचा पदवीधर. विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले म्हणून गेल्या पावसाळ्यात तो माझ्या वाट्यास आला. दिवा पेटला तर १, विझलेला असला तर ०. असे पाच अंक ओळीने घेतले की ३२ निरनिराळ्या खुणा होतात. मुलांनी माना डोलावल्या आणि मीही संतुष्ट झालो.

मग प्रयोगशाळेपासून शेजारच्या वर्गापर्यंत दुपदरी तार ओढली. एका टोकास विद्युत्घट व कळ, दुसऱ्या टोकास लहानसा दिवा. व्यंजनांना क्रमांक दिले: क ०, ख १, असे करीत स ३१. 'ह' व 'ळ' यांना जागाच उरली नाही. मग काना-मात्रांची गोष्ट कशाला! (घरी कोंकणी बोलणाऱ्या माझ्यासारख्याला 'ळ'वाचून एक दिवसही निभावणे कठीण.) प्रत्येक अंकास एक सेकंद ठरला. एका मुलीने 'कमल' हा शब्द पाठविला: ०००००, ११०००, ११०११. पलीकडचा मुलगा चिठ्ठी घेऊन धावत आला. चिठ्ठीवर होते, 'मल'!

वर्ग हसला. "सर, मी तिन्ही अक्षरं पाठवली," मुलगी म्हणाली. "सर, दिवा पेटल्यापासून मी एकही सेकंद चुकवला नाही," मुलगा म्हणाला. मी त्याला निष्काळजी ठरविले, आणि तेथे चूक माझी झाली. दोघेही खरेच सांगत होते. 'क' म्हणजे पाच सेकंद अंधार, आणि संदेश सुरूच झाला नसेल तरीही अंधारच! त्या मुलाने हा भेद ओळखावा कसा?

पुढे मुलांनीच तोड काढली: प्रत्येक अक्षराआधी एक सेकंद दिवा पेटवायचा, अक्षर संपले की एक सेकंद विझवायचा. जुन्या टेलिप्रिंटरमध्ये याच जातीची युक्ती होती. मात्र तेथे स्वस्थ तारेतही प्रवाह चालू असे आणि तो खंडित होणे हीच प्रारंभाची खूण. त्यामुळे तार तुटली तर तेही लगेच कळे.

दुसऱ्या दिवशी नवीनच पीडा. दमट हवेने तांब्याच्या टोकांवर हिरवट कीट चढले होते आणि दिवा मधूनच पेटेना. 'ल'चा ११०११ हा १००११ झाला, म्हणजे 'न'. यावर उपाय सहाव्या अंकाचा: पेटलेल्या खुणांची एकूण संख्या नेहमी सम राहील असा तो निवडायचा. 'ल'मध्ये चार खुणा, म्हणून सहावा अंक ०. पोहोचताना तीनच दिसल्या, तर अक्षर पुन्हा मागवावे. पण दोन खुणा एकदम गळाल्या तर? ०००११ म्हणजे 'घ'. खुणा दोन, संख्या सम, आणि चूक बिनबोभाट आत शिरते. चूक नेमक्या कोणत्या अंकात आहे हे ओळखून ती सुधारणारी रचना रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञाने १९५० साली प्रसिद्ध केली. ती आम्ही फळ्यावर मांडली. तारेवर अजून साधलेली नाही.

आज मोबाइलवरून जाणारे देवनागरी अक्षर बहुधा २४ अंकांचे असते. 'कमल'चे ७२ झाले. आमच्या कळेने तो शब्द पाठवायला एक मिनिट बारा सेकंद लागतील. मुलांनी करून पाहायचे ठरविले आहे. चिठ्ठी घेऊन धावण्याचे काम या खेपेस माझ्याकडे आहे.