बघणाऱ्याचं घर आणि राहणाऱ्याचं घर

होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये क्रिकेट सोडून दुसरं काही लागलं की पाच मिनिटांत रूम रिकामी होते, हा आपल्या सर्वांचा अनुभव. पण गेल्या सेमिस्टरला एका रविवारी उलटं घडलं. कोणीतरी लॅपटॉप टीव्हीला जोडून ब्रिटनच्या चॅनल फोरवरचा 'ग्रँड डिझाइन्स : हाऊस ऑफ द इयर' हा कार्यक्रम लावला आणि मेसची घंटा झाली तरी कोणी उठेना! कारण उघड होतं. घर हा विषय असा आहे की त्यावर मत नाही असा माणूस नाही.

मी सिव्हिलचा, राहणार बिडकीन. त्याच महिन्यात आमच्या गावातलं जुनं माळवदाचं घर पाडून नवीन बांधायचं घरात चाललं होतं. त्यामुळे बाकीच्यांसाठी जी करमणूक होती, ती माझ्यासाठी अभ्यास झाली. तोच अभ्यास इथे मांडतो आहे.

स्पर्धा काय आहे?

ब्रिटनमधील वास्तुविशारदांची 'रिबा' ही संस्था दरवर्षी उत्तम नव्या घराला पुरस्कार देते. २००१ पासून तो 'मॅन्सर मेडल' नावाने दिला जाई. पुढे त्याचं नाव 'हाऊस ऑफ द इयर' झालं आणि २०१५ पासून ही निवड टीव्हीवर आली. निवड तज्ज्ञ परीक्षक करतात. प्रेक्षकांच्या हाती फक्त मत. पण मत देण्यात आपण कधी मागे हटलो आहोत?

२०१५ चं विजेतं 'फ्लिंट हाऊस'. बकिंगहॅमशायरमधल्या शेतात उभं असलेलं, पायऱ्यापायऱ्यांच्या आकाराचं. भिंतींना तिथल्याच मातीत सापडणारा गारगोटीसारखा चकमकीचा दगड. तळाशी काळा, वर जाताना फिका होत होत शेवटी पांढरा. माझा कोकणातला रूम पार्टनर म्हणाला, "आमचा जांभा लावला असता तर काय वाईट दिसलं असतं?" सगळे हसले. पण त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. परीक्षकांनाही नेमकं तेच आवडलं होतं, की घर ज्या जमिनीवर उभं आहे त्याच जमिनीतून उगवल्यासारखं दिसतं.

२०१७ चं विजेतं केंट परगण्यातलं 'केअरिंग वूड'. एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांनी एकत्र राहावं म्हणून बांधलेलं, सुमारे १,४०० चौरस मीटरचं. मधोमध चौक आणि चार बाजूंना उंच निमुळत्या छपरांचे मनोरे. पूर्वी तिकडे हॉप नावाचं पीक वाळवायला अशाच छपरांच्या इमारती असत, त्यावरून हा आकार घेतला. यावर टीव्ही रूममध्ये दोन तट पडले. एक म्हणे, "हा तर आपला चौसोपी वाडाच!" दुसरा म्हणे, "एवढ्या जागेत आमच्या गावची अख्खी आळी बसेल."

तिसरं घर २०१९ च्या स्पर्धेतलं 'कॉर्क हाऊस'. बाटलीच्या बुचाचा जो कॉर्क, त्याच्याच ठोकळ्यांच्या भिंती आणि त्याचंच छप्पर! ठोकळ्यांमध्ये सिमेंट नाही, डिंक नाही. उद्या मोडायचं ठरलं तर ठोकळे सुटे करून परत वापरता येतात. छपराचे पाच पिरॅमिड आणि प्रत्येकाच्या टोकाशी उजेडासाठी खिडकी. यावर एकमत झालं. सगळे म्हणाले, "उंदीर लागतील."

मतांची वर्गवारी

त्या रात्री मी वहीत सगळ्यांची मतं लिहून काढली. आकडेवारी करण्याइतकी ती मोठी नाहीत, पण तीन गट स्पष्ट दिसले. पहिला गट 'दिसण्या'चा : भारी, भयानक, अंतराळयान, कोंबड्यांची खुराडी. दुसरा 'पैशा'चा : एवढ्यात आमच्याकडे किती फ्लॅट झाले असते. तिसरा 'झाडलोटी'चा : एवढ्या काचा पुसणार कोण? तिसऱ्या गटात मुली आणि मेसचे काका सर्वांत पुढे होते. आमचे रेक्टर सर शेवटी एकच वाक्य बोलले, "घर कसं आहे ते सगळ्यांनी सांगितलं, घरात कोण राहतं ते कोणी विचारलं का?"

हे वाक्य डोक्यात राहिलं. कारण मी स्वतः वहीच्या मागच्या पानावर आमच्या नव्या घराचं डिझाइन काढत बसलो होतो. वळणदार भिंत, पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, वर सपाट स्लॅब. मराठवाड्याच्या उन्हात पश्चिमेला काच! सेकंड इयरलाच फेल करायला हवं होतं मला.

लातूरकराने सांगितलेली गोष्ट

टीव्ही रूममध्ये दिवसभर गप्प बसलेला एकच जण होता, आमचा लातूरकर मित्र. रात्री गच्चीवर तो म्हणाला, "तुम्ही घरं बघून हसता. आमच्याकडे अशी घरं मागितल्याशिवाय मिळाली होती."

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी कोणी पाहिलेली नाही, पण घरोघरी ऐकलेली आहे. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. बहुतेक जण झोपेत, स्वतःच्याच घराखाली. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घराचं क्षेत्र जमिनीवरून ठरलं : भूमिहीनाला २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. रस्ते सरळ आणि रुंद, घरं ओळीत. काही ठिकाणी तर घुमटाच्या आकाराची घरंही बांधली गेली.

मजबुतीच्या दृष्टीने ही घरं जुन्यापेक्षा कितीतरी सुरक्षित, यात वाद नाही. पण लातूरकर म्हणाला, "आमची आजी म्हणायची, घुमटात कपाट भिंतीला लागत नाही, देव्हारा कोपऱ्यात बसत नाही, कारण कोपराच नाही. आणि बैल कुठं बांधायचा?" जुन्या गावात दार उघडलं की गल्ली, गल्लीत चुलतं-मावळं. नव्या गावात दार उघडलं की समोर चाळीस फुटी रस्ता आणि ऊन. लोकांनी मग आपल्या हातांनी पडव्या काढल्या, कुंपणं घातली, पत्र्याची शेड उभारली. म्हणजे घराला घर करायचं काम पुन्हा पहिल्यापासून केलं.

याच्या उलट उदाहरण नवी मुंबईचं. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात बेलापूरला सिडकोसाठी 'आर्टिस्ट्स व्हिलेज' ही वसाहत केली. सात-सात घरांचा एक पुंजका, मध्ये लहानसं अंगण. प्रत्येक घर आपल्या प्लॉटवर सुटं, शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही. हेतू हा, की कुटुंब वाढलं की घर वाढवता यावं. लोकांनी इतकं वाढवलं की आज अनेक मूळ घरं ओळखूही येत नाहीत, काहींच्या जागी आरसीसीचे मजले उभे आहेत. काही अभ्यासक याला अपयश म्हणतात. मला वाटतं, घरात बदल होणार हे धरूनच ज्याने नकाशा काढला, त्याने राहणाऱ्याला आधीच विचारात घेतलं होतं. अंगणं मात्र बरीचशी टिकली आहेत.

आता थोडं गणित

एवढं ऐकल्यावर 'जुनं ते सोनं' म्हणून माळवद ठेवावं असं मला वाटू लागलं. उन्हाळ्यात बाहेर ४१-४२ अंश असताना आमच्या माजघरात दुपारी झोप लागते, ती काही उगीच नाही. तेव्हा वही काढून हिशेब केला.

माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यावर किलचा, त्यावर पाला आणि वर मातीचा थर. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर आणखी माती टाकतात. काढत कोणीच नाही! त्यामुळे थर वर्षानुवर्षं वाढत जातो. आमच्याकडे मोजला तर ४५ सेंटिमीटर भरला. मातीची घनता घनमीटरला १,६०० किलो धरली, तर एका चौरस मीटरवर ७२० किलो. आमची खोली ३ बाय ४ मीटर, म्हणजे १२ चौरस मीटर. डोक्यावर ८,६४० किलो, जवळजवळ साडेआठ टन! १२.५ सेंटिमीटर जाडीच्या आरसीसी स्लॅबचं वजन त्याच खोलीवर सुमारे ३,७५० किलो. भूकंपाचं बल वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतं हे आपण शिकलोच आहोत. शिवाय आमच्या भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या, आत-बाहेर दोन पदर आणि दोघांना जोडणारे आरपार दगड फारच थोडे. किल्लारीला नेमकं हेच मारक ठरलं.

आता दुसरी बाजू. उष्णतेला होणारा रोध म्हणजे जाडी भागिले उष्णतावाहकता. स्लॅबसाठी ०.१२५ भागिले साधारण १.६, म्हणजे ०.०८. माळवदासाठी ०.४५ भागिले साधारण ०.६, म्हणजे ०.७५. नऊ पटींहून जास्त फरक! स्लॅबच्या घरात रात्री दहा वाजता पंख्यातून गरम वारा का येतो, त्याचं उत्तर इथे आहे. आणि गंमत बघा, कॉर्कची वाहकता ०.०४ च्या आसपास. म्हणजे ४५ सेंटिमीटर मातीचं काम फक्त ३ सेंटिमीटर कॉर्क करतो. अर्थात माती उष्णता साठवून उशिरा आत सोडते, तो गुण कॉर्कमध्ये तेवढा नाही. पण ज्या घराला आम्ही 'उंदीर लागतील' म्हणून हसलो, त्याने आमच्याच घराचा प्रश्न सोडवला होता : हलकं छप्पर आणि थंड खोली. त्याच्या पिरॅमिडच्या टोकावरची खिडकी म्हणजे तरी काय? आमच्या माळवदाचं साणं! दिवसा उजेड, स्वयंपाकाच्या वेळी धूर बाहेर.

आजीची परीक्षा

शनिवारी एसटीने गावी गेलो. गवंडीकाका आले होते. अण्णांचं ठरलेलं : सगळं पाडायचं, खाली-वर स्लॅब, पुढे दोन गाळे भाड्याने. आमच्या भागात औद्योगिक वसाहत आल्यापासून प्रत्येकाच्या डोक्यात गाळे आहेत, आणि अण्णांचं चुकतंय असंही नाही. घराने कमावलं पाहिजे, हाही विचारच आहे.

मी माझा नवा नकाशा पुढे केला, गणितासकट. अण्णा म्हणाले, "कागदावर समदं थंडच असतंय." मग आजीने नकाशा हातात घेतला. तिला वाचता येत नाही. ती म्हणाली, "मला बोटानं दाखव बाळा. मी कुठं झोपते?"

मी दाखवायला गेलो आणि बोट हवेतच राहिलं. तिची खोली मी वरच्या मजल्यावर काढली होती. गुडघे दुखतात म्हणून जी दोन वर्षांत गच्चीवर चढली नाही, तिला मी जिना दिला होता. तिने पुढे विचारलं, "ज्वारी कुठं ठेवायची? लेकी दिवाळीला आल्यावर निजायचं कुठं? मांडव कुठं पडंल?" ती रागावली नव्हती. एकेक विचारत गेली, आणि मी एकेक खोडत गेलो.

शेवटी ठरलं ते असं. माळवद उतरवायचं, कारण साडेआठ टन डोक्यावर घेऊन झोपणं परवडणारं नाही. त्या जागी स्लॅब, वर उष्णतारोधक थर आणि पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा कोबा. भिंतींना जोत्यावर आणि लिंटलला आरसीसीचे पट्टे. मागचं अंगण तसंच, निंबासकट. आजीची खोली खाली, अंगणाकडे तोंड करून. माजघराच्या स्लॅबमध्ये एक चौकोनी साणं, वर काच आणि बाजूला जाळी. पुढे गाळा एकच. दुसऱ्या गाळ्याच्या भाड्यावर अण्णांनी पाणी सोडलं, आणि ते सहज सोडलेलं नाही, हे इथे नोंदवतो.

प्रेक्षकांसाठी चार प्रश्न

मित्रांनो, पुढच्या वेळी टीव्हीवर, साइट व्हिजिटला किंवा प्रोजेक्टमध्ये एखादं वेगळं घर दिसलं तर 'भारी' किंवा 'भंगार' म्हणण्याआधी एवढं विचारून बघा :

१) यात कोण राहणार आहे, आणि त्यातलं सर्वांत म्हातारं आणि सर्वांत लहान माणूस कुठे झोपणार आहे?

२) इथलं ऊन, पाऊस, वारा आणि माती यांना हे घर काय उत्तर देतं?

३) छपराचं वजन किती, आणि ते जमिनीपर्यंत कुठल्या वाटेने जातं?

४) वीस वर्षांनी कुटुंब बदललं तर घराला बदलता येईल का?

पहिल्या प्रश्नाला मार्क नसतात, तो कुठल्याच पेपरात येत नाही. मी चार वर्षांत तीन प्रश्नांची उत्तरं शिकलो आणि पहिला मला आजीने विचारला.

घराचं काम सुरू झालं आहे. पावसाळ्याआधी स्लॅब पडेल असं गवंडीकाका म्हणतात. ज्यांनी त्या रविवारी इतकी मतं दिली, त्या सर्वांना वास्तुशांतीचं आमंत्रण आहेच. या, जेवा आणि मत द्या. फक्त साण्याखाली बसून द्या!